आमच्या घरमालकांचा उजवा हात

आमच्या घरमालकांइतका स्वतःच्या उजव्या हाताला जपणारा माणूस अमेरिकेत तर नाहीच, पण उभ्या पृथ्वीवर दुसरा सापडणार नाही, असं माझं अजूनही मत आहे. सतारवाले बोटं जपतात, गाणारे गळा जपतात, हे मी ऐकून होतो. पण सत्तरी ओलांडलेला, सकाळी ओट्सची पेज खाऊन दिवसभर मागच्या अंगणात रेडिओ ऐकत बसणारा एक निवृत्त माणूस आपला उजवा हात तान्ह्या बाळासारखा पोटाशी धरून वावरतो, हे मी जर्सी सिटीत येईपर्यंत पाहिलं नव्हतं. जुलैच्या काहिलीतसुद्धा त्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत करड्या लोकरीची एक बाही चढवलेली असे. नुसती बाही. बाकी अंगात बिनबाह्यांचा बनियन. दार उघडायचं ते डाव्या हातानं, कॉफी ढवळायची ती डाव्या हातानं, बर्फ ओढायचा तोही डाव्याच हातानं, त्यामुळे हिवाळ्यात आमच्या दारासमोरची वाट नेहमी एका बाजूला कललेली असे. सहीसुद्धा डाव्या हातानं करत. घराच्या करारावरची त्यांची सही पाहिली की भूकंप मोजणाऱ्या यंत्रानं रेघ ओढली आहे असं वाटे.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी नागपूरच्या इंदोऱ्यातला, वर्क व्हिसावर येऊन मॅनहॅटनमधल्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होतो. नदीकाठचे उंच टॉवर आमच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून स्टेशनपासून वीस मिनिटं चालत, एका जुन्या लाकडी घराचा वरचा मजला आम्ही घेतला. खाली मालक एकटेच. पहिल्या दिवशी मी हात पुढे केला, तर त्यांनी डावा हात दिला. मला वाटलं, उजव्याला प्लॅस्टर असेल. सुलभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरून आणलेल्या करंज्यांची बशी पुढे केली, तर करंजीही डाव्या हातानं उचलली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून "अं!" असा आवाज काढला. वर आल्याबरोबर सुलभा म्हणाली, "अहो, हे तर डाव्या हातानं खातात जी!"

"अगं, ही अमेरिका आहे."

"अमेरिका असली म्हणून काय झालं? हात तर त्यांनाही दोनच आहेत ना!"

तरी दोन आठवड्यांत ती त्यांना 'आजोबा' म्हणू लागली. हा काहीतरी मोठा किताब आहे अशी त्यांची समजूत झाली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्यांनी अभिमानानं सांगितलं की वरच्या बाई मला 'अजोबा' म्हणतात. सुलभाला ते 'कोच' म्हणत, कारण तिला विचारल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही हे त्यांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. मला नुसतंच 'इंजिनियर'.

ते कोण होते हे मला न्हाव्याच्या दुकानात कळलं. तिथं आरशाच्या वर एक जुना फोटो होता. एक हडकुळा तरुण एक पाय थेट आभाळाकडे उचलून उभा, आणि उजवा हात पाठीमागे असा ओढलेला, की आता फोटोतूनच चेंडू येऊन आपल्या कपाळावर बसेल. मी पत्ता सांगितला तशी न्हाव्याची कात्री थांबली. "तू त्यांच्या घरात राहतोस?" पुढचा पाऊण तास तो माझे केस कापत होता की कहाणी सांगत होता हे त्याचं त्यालाही कळलं नाही, मी एका कानाच्या वर केस आणि दुसऱ्याच्या वर टक्कल घेऊन घरी आलो. पण कहाणी पूर्ण ऐकली. आमचे घरमालक बेसबॉलमधले पिचर होते. पिचर म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज समजा, फक्त तो धावत येत नाही आणि चेंडू टप्पा न पाडता टाकतो. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या गावात जन्म, बाप खाणीत. रुळांकाठी उभं राहून चालत्या वॅगनींवरच्या खुणांना गोटे मारत मोठे झाले, मग गिरणीच्या संघात, मग गावोगाव बसनं हिंडणाऱ्या धंदेवाईक संघांत. ते टाकणार असले की तीन गावांतली दुकानं दुपारीच बंद होत, आणि समोरच्या संघातल्या निम्म्या लोकांच्या पोटात अचानक दुखू लागे. एकदा अख्ख्या सामन्यात त्यांनी एकाचाही धड फटका होऊ दिला नाही. शेवटचा माणूस बाद झाला तेव्हा त्याच्याच संघातल्या लोकांनी यांना खांद्यावर घेतलं म्हणे. मग एका उन्हाळ्यात सर्वांत मोठ्या लीगमध्ये बोलावणं आलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही," न्हावी माझ्या मानेवरचे केस झटकत म्हणाला. "एकच उन्हाळा. हात गेला म्हणतात."

तेव्हापासून त्या लोकरीच्या बाहीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. सुलभाला सांगितलं, तर त्या दिवसापासून ती खाली जाणारी बशी मुकाट्यानं त्यांच्या डाव्या बाजूला ठेवू लागली.

जगातल्या कुठल्याही माणसाकडे आमचे घरमालक एकाच नजरेनं पाहत, ती म्हणजे याला बाद कसा करायचा. पोस्टमन आला, तो गेल्यावर हलकेच म्हणत, "याला गुडघ्याच्या खाली काही दिसत नाही. तीन चेंडूंत घरी." समोरच्या चर्चचे धर्मगुरू? "माणूस देवाचा आहे, पण संथ चेंडूवर लवकर बॅट फिरवेल." मला पाहिल्यावर दहा मिनिटं विचार करून म्हणाले, "तुला मी अंगापासून लांब टाकीन. तू कधीच पाऊल पुढे टाकत नाहीस." हे इतकं खरं होतं की मला रात्रभर वाईट वाटलं. सुलभाला कसं बाद करणार, हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. "कोचला मी टाकणारच नाही," म्हणाले. "न खेळताच सरळ पहिल्या तळावर, म्हणजे बेसवर, जा म्हणेन."

नोकरी बदलायच्या वेळी मुलाखतीला जाताना मी घाबरून पायरीवर बसलो होतो. ते आले आणि म्हणाले, "एक गोष्ट त्याला दोनदा दाखवू नकोस. आणि तो काय विचारतो याच्याकडे बघू नकोस, त्याचे खांदे बघ." मी तासभर त्या बिचाऱ्या मॅनेजरच्या खांद्यांकडे टक लावून बसलो. नोकरी मिळाली. पुढे ओळख झाल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं, माझ्या कोटावर काही सांडलंय."

क्रिकेटवरून आमची भांडणं होत. चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटतात हे त्यांना पटतच नसे. आणि पाच दिवस खेळून कुणीच जिंकत नाही असंही होतं, हे सांगितल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला, माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि विचारलं, "मग लोक घरी जाऊन काय सांगतात?" कॉलेजात मी ऑफस्पिन टाकत असे हे कळल्यावर माझी बोटं पाहिली, वळवून पाहिली, आणि रोज संध्याकाळी अंगणात आमची फेकाफेकी सुरू झाली. तिथेही ते डाव्याच हातानं टाकत. सत्तरीचा माणूस, शिकाऊ हात, तरी चेंडू माझ्या तळव्यात चटका देऊन जाई. उजव्या हातानं एकदा तरी टाका म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करत.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात बेसबॉलच्या खेळाडूंचा संप झाला. ऑगस्टात सामने बंद पडले आणि आमच्या अंगणातला रेडिओ मुका झाला. घरमालक तरी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसत. एका संध्याकाळी सुलभा त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेली, मी पाठोपाठ. बसता बसता ती सहज म्हणाली, "आजोबा, तुमचा हात कशानं गेला? डॉक्टर काय म्हणाले होते?"

त्यांनी मुक्या रेडिओचं बटण एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "हाताला काही झालेलं नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"हाताला कधीच काही झालेलं नाही, कोच. झालं ते दुसऱ्याला." आणि मग त्यांनी सांगितलं. त्या एकुलत्या एका मोठ्या उन्हाळ्यात, ऑगस्टातच, त्यांचा एक चेंडू फलंदाजाच्या डोक्यावर बसला. तेव्हा शिरस्त्राणं नव्हती, नुसती कापडी टोपी. आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला. पोरगा आडवा झाला तो उठलाच नाही, स्ट्रेचरवरून नेला. दुसऱ्या दिवशी हे हॉस्पिटलात गेले, तर त्याच्या आईनं दारातून परत पाठवलं. पत्र लिहिलं, उत्तर नाही. तो पुन्हा कधी खेळला नाही, एवढं कळलं. त्यानंतर यांना अंगाजवळचा चेंडू टाकताच येईना. चेंडू लांब, आणखी लांब जाऊ लागला, फलंदाजांनी ते ओळखलं, आणि वर्षाच्या आत सगळं संपलं. "जगला असेल की नाही, तेही मला माहीत नाही," ते म्हणाले. "विचारायची हिंमत झाली नाही." डाव्या हातानं त्यांनी बाही वर ओढली. "लोकांना वाटतं मी हा हात जपतो. मी लोकांना जपतो, याच्यापासून."

खिचडी तशीच राहिली. वर आल्यावर सुलभा भांडी आपटत म्हणाली, "चाळीस वर्षं! आणि एक फोन नाही करता आला?"

"आपण यात पडायचं नाही," मी म्हणालो. मी पाऊल पुढे टाकत नाही, हे त्यांनी ओळखलेलंच होतं.

सुलभा दुपारी पब्लिक लायब्ररीत पुस्तकं लावायला जात असे. तिथं सगळ्या देशाच्या टेलिफोन डिरेक्टरी होत्या. त्या फलंदाजाचं नाव तिनं घरमालकांकडून काढून घेतलं होतं, आणि आडनाव असं होतं की ते उच्चारताना दोनदा श्वास घ्यावा लागे. असली आडनावं एका शहरात दोन-चारच सापडतात. आठ दिवस ती राज्यामागून राज्य तपासत होती. नवव्या दिवशी तिनं मला ऑफिसात फोन केला. "ओहायोत आहे एक. लावू काय?"

"नको! तो गेलेला असला तर? त्याच्या मुलांना काय सांगणार तू?"

"मी लावलाच आहे," ती म्हणाली. "आताच ठेवला."

ती काय बोलली ते तिनं मला पुढे शंभर वेळा ऐकवलं आहे. नागपुरी इंग्रजीत, एका दमात: मी जर्सी सिटीहून बोलते, तुमच्या डोक्यात ज्यांनी बॉल मारला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, तुम्ही जिवंत आहात काय? पलीकडून इतकं मोठं हसू आलं, की तिला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. मग तो फलंदाज म्हणाला, "बाई, तो माणूस जिवंत आहे? त्याला सांगा, त्यानं माझी सुटका केली."

घरमालकांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी पायरीवर बसून जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं, उठले, आत गेले, दार लावलं. दोन दिवस दार उघडलं नाही. रेडिओ नाही, खोकल्याचा आवाज नाही. सुलभा रडकुंडीला आली. "माझंच चुकलं. म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर?" बशा दाराशी ठेवत होतो, त्या तशाच परत येत होत्या. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी सातला दारावर थाप पडली. घरमालक कोट घालून, टाय लावून, गुळगुळीत दाढी करून उभे. "इंजिनियर, तुझी गाडी ओहायोपर्यंत पोचेल?"

गाडीबद्दल मला शंका होती, माझ्या ड्रायव्हिंगबद्दल त्याहून जास्त. लायसन्स मिळून चार महिने झाले होते. पण सुलभानं पराठे करायलाही घेतले होते. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर संपता संपत नाहीत, आणि प्रत्येक थांब्यावर घरमालक म्हणत, "इथून परत वळता येईल." सुलभा मागच्या सीटवरून म्हणे, "नाही येत. पराठा घ्या." सहा वेळा हे झालं. शेवटच्या तासात ते एकदम बोलले, "तो मला मारेल का?" त्यांचा आवाज इतका लहान झाला होता, की मी नुसता गिअर बदलला.

फलंदाजाची रोपवाटिका होती. फाटकाशी एक धिप्पाड, लालबुंद म्हातारा चिखलाच्या बुटांत उभा, शेजारी त्याची ठेंगणी बायको. घरमालक गाडीतून उतरले आणि तिथंच थांबले. फलंदाजच पुढे आला. "या बाजूनं बोल," तो उजवा कान दाखवत म्हणाला. "हा डावा तू नेलास."

घरमालकांचा चेहरा पांढरा पडला. "मी मुद्दाम नव्हतं..."

"माहीत आहे. मीच झुकलो होतो. बापानं सांगितलं होतं, पिचरला घाबरतोस हे दिसू देऊ नकोस, पायापुढच्या पाटीवर, म्हणजे प्लेटवर, वाकून उभा राहा. मी वाकलो." मग त्यानं सांगितलं की त्याला बेसबॉल कधीच आवडलं नाही. बापाचं स्वप्न होतं ते. पाचव्या वर्षापासून रोज अंगणात उभं करून बाप चेंडू टाकायचा. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा खेळायचं नाही, तेव्हा बाप ढसाढसा रडला आणि याला पांघरुणात तोंड लपवावं लागलं, कारण हसू आवरत नव्हतं. "आणि ही," तो बायकोकडे बोट दाखवत म्हणाला, "रोज ताप बघायला यायची. मला ताप नव्हता."

"पत्र लिहिलं होतं मी," घरमालक म्हणाले.

"आईनं कुठलंच पत्र मला दिलं नाही. मला वाटलं, तू विसरलास. मोठा पिचर होतास." त्यानं बुटावरचा चिखल झटकला. "तू खेळणं सोडलंस ते मला पुढच्या वर्षी कळलं. माझ्यामुळे असेल असं मनात आलं होतं. मीही विचारलं नाही."

मग फलंदाज वाफ्यात गेला, चार हिरवे टोमॅटो आणि एक कुदळीचा दांडा घेऊन आला. टोमॅटो घरमालकांच्या हातात ठेवले आणि वीस पावलांवर जाऊन दांडा धरून उभा राहिला. "टाक. अंगाजवळ टाक."

"नाही."

"मी चाळीस वर्षं एकही चेंडू मारलेला नाही. टाक म्हणतो."

घरमालकांनी सुलभाकडे पाहिलं. ती पुढे झाली आणि ती करडी बाही मनगटापासून ओढून काढली. आतला हात पांढराफटक आणि बारीक होता. त्यांनी टोमॅटो बोटांत फिरवला, पाय उचलला, आभाळाकडे नाही, गुडघ्याएवढाच, आणि टाकला. तो फलंदाजाच्या डोक्यावरून चार हात उंच जाऊन काचघरावर फुटला. "खाली!" फलंदाजाची बायको ओरडली. दुसरा माझ्याकडे आला. तिसरा गेला तो सरळ, छातीच्या उंचीवर, अगदी अंगाजवळून, आणि त्या लालबुंद म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी दांडा असा फिरवला, की टोमॅटोचे तुकडे आम्हा सगळ्यांच्या कपड्यांवर उडाले. घरमालक हसायला लागले. मग त्यांना बसावं लागलं. मग ते हसत नव्हते, पण आम्ही कुणीच तिकडे पाहिलं नाही. फलंदाज त्यांच्या शेजारी मातीत बसला, ऐकू येणारा कान त्यांच्याकडे करून.

परतीच्या वाटेवर घरमालक उजव्या कुशीवर झोपले होते, तोंड उघडं टाकून, आणि घोरण्यानं माझ्या जुन्या गाडीचे आवाज ऐकू येत नव्हते. सुलभानं मागून मान पुढे काढून दोनदा पाहिलं आणि मग तीही झोपली. इतकी हलकी गाडी मी आयुष्यात चालवलेली नाही.

पुढे त्या हातानं आम्हाला बराच ताप दिला. चाळीस वर्षांची कसर ते भरून काढत होते. सकाळचं वर्तमानपत्र खालून आमच्या खिडकीत येऊ लागलं, तेही बंद खिडकीत. माझ्या किल्ल्या, सुलभाच्या भाजीतली वांगी, काहीही द्यायचं असलं की फेकून द्यायचे, आणि हस्तांदोलन असं करत की पोस्टमननं रस्ता बदलला. संप मिटला, रेडिओ पुन्हा बोलू लागला. दोन वर्षांनी मला सांता क्लारातली नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे गेलो.

दर एप्रिलमध्ये हंगाम सुरू होई त्या दिवशी त्यांचा फोन ठरलेला. कॅलिफोर्निया तीन तास मागे आहे हे त्यांनी कधी मानलं नाही, पहाटे पाचला घंटा वाजे आणि "इंजिनियर, सुरू झालं!" एवढंच ओरडून ते फोन ठेवत. मी चिडत असे आणि पुढे दिवसभर खुशीत असे. मग एका एप्रिलमध्ये पाच वाजले, सहा वाजले, घंटा वाजली नाही. मी ऑफिसला गेलोच नाही. सुलभा चहा ठेवून विसरली. त्यांचं वय आम्ही दोघंही मनात मोजत होतो आणि बोलत नव्हतो. अकराच्या सुमारास तिनं न राहवून नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. बऱ्याच वेळानं उचलला गेला.

"काय आहे?" घरमालक खेकसले. मागे रेडिओ मोठ्यानं चालू होता, आणि त्याहून मोठ्यानं कुणीतरी हसत होतं. "आता बोलायला वेळ नाही. हा ओहायोहून आलाय, महिनाभर राहणार आहे, आणि याला खेळातलं काही म्हणजे काही कळत नाही. सगळं समजावून सांगावं लागतं, तेही एकाच कानात." आणि फोन ठेवला.

मी सुलभाला सांगितलं. तिनं डोळे पुसले, नवीन चहा ठेवला, आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाहेर लख्ख ऊन होतं आणि छातीवरचं केवढं तरी ओझं उतरलं होतं. तरी खरं सांगायचं तर थोडं लागलंही. अंगणातल्या त्या खुर्चीशेजारी बसून काही न कळता सगळं ऐकून घ्यायचं काम कितीतरी संध्याकाळी माझं होतं.